हेम्प, सीबीडी आणि आपला कुत्रा : वाचकांचे प्रश्न

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या आमच्या लेखात सीबीडीचा उल्लेख जेमतेम एका ओळीत आला होता. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिओल, भांगेच्या झाडातला नशा न आणणारा एक घटक; हेम्प हे त्याच झाडाचं कमी नशेचं वाण. त्यावर सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली पत्रं पाहून या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. खाली दिलेले डोस चाचण्यांमध्ये वापरलेले आहेत. तुमच्या कुत्र्याचा डोस त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर ११ वर्षांचा आहे, वजन ३४ किलो. मागचे पाय धरलेत, जिना चढत नाही. पेट शॉपवाल्यानं 'हेम्प ऑइल'ची १०० मिलीची बाटली दिली. रोज एक चमचा जेवणात घालतो, महिना झाला, काडीचा फरक नाही. सीबीडी म्हणजे हेच ना? — वाचक, विजापूर रोड

उत्तर : नाही. तुमच्याकडे जे आहे ते हेम्पच्या बियांचं तेल. करडई किंवा जवसासारखंच ते बी दाबून काढतात. सीबीडी बियांत तयार होत नाही. ते मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या आणि काही प्रमाणात पानांवरच्या चिकट ग्रंथींत असतं. बियांना बाहेरून जेवढा चीक लागलेला असेल तेवढंच तेलात उतरतं.

किती उतरतं याचा हिशोब करता येतो. 'एफएसएसएआय' या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२१मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना माणसांचं अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा सीबीडीची कमाल मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम ठेवली. म्हणजे तुमच्या १०० मिलीच्या अख्ख्या बाटलीत फार तर ७ मिग्रॅ सीबीडी, आणि ५ मिलीच्या चमच्यात साधारण ०.३५ मिग्रॅ. सांधेदुखीच्या चाचण्यांत किलोमागे २ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, असा डोस होता. ३४ किलोच्या कुत्र्याला एका वेळी ६८ मिग्रॅ. बियांच्या तेलातून तेवढं द्यायचं तर एका वेळी जवळजवळ लिटरभर तेल पाजावं लागेल.

दुकानदारानं फसवलंच असेल असं नाही. बाटलीवर 'हेम्प सीड ऑइल' हे छापलेलं असतं, फक्त पानाचं चित्र मोठं आणि 'सीड' हा शब्द बारीक असतो. घटकांच्या यादीत सीबीडी किंवा कॅनाबिडिओल असं नाव आणि त्यापुढे मिलिग्रॅम नसतील, तर ते खायचं तेल आहे असं समजा.

त्या तेलाचा काही उपयोग नाही का? कातडी कोरडी असेल, केस निस्तेज असतील तर थोडा आहे, कारण त्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ दोन्ही असतात. पण त्यातलं ओमेगा-३ वनस्पतीचं आहे. त्याचं सांध्याला उपयोगी रूपात रूपांतर करणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही, म्हणून सांध्यासाठी माशाचं तेल बरं. शिवाय रोजच्या चमच्यात ४०च्या आसपास कॅलरी आहेत. पाय धरलेल्या लॅब्रॅडॉरला त्या नकोच आहेत. तो जाड असेल तर वजन ६ ते ८ टक्के उतरवा. म्हणजे दोन-अडीच किलो. एवढ्यानंही लंगडणं कमी झालेलं मोजमापात दिसलं आहे, आणि त्याला बाटलीचा खर्च नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर, निदान त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. सोलापुरात चादरींना काय तोटा!

प्रश्न : सीबीडी शरीरात नेमकं करतं काय? भांगेच्या झाडापासूनच येतं, मग नशा का नाही? — निवृत्त विज्ञान शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : कुत्र्याच्या शरीरात, आपल्यासारखीच, 'एंडोकॅनाबिनॉइड' नावाची एक व्यवस्था आहे. पेशींवर सीबी-१ आणि सीबी-२ असे ग्राही (रिसेप्टर), म्हणजे ठराविक रेणू येऊन बसण्याच्या जागा, असतात. सीबी-१ मुख्यतः मेंदूत आणि नसांत, सीबी-२ जास्त करून रोगप्रतिकारक पेशींत. शरीर स्वतःच अॅनंडामाइडसारखे रेणू तयार करून या ग्राहींमार्फत वेदना, भूक, मळमळ, सूज यांचा आवाज कमी-जास्त करत असतं. काम झालं की ठराविक विकरं (एन्झाइम) ते रेणू मोडून टाकतात.

टीएचसी हा भांग-गांजातला नशेचा घटक. तो थेट सीबी-१वर जाऊन बसतो आणि नशा चढते. सीबीडी तिथं नीट बसतच नाही. ते आडवळणानं काम करतं : अॅनंडामाइड मोडण्याचा वेग कमी करतं, वेदना आणि उष्णतेची जाणीव देणाऱ्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीवर आणि सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर परिणाम करतं. म्हणून वेदना, सूज आणि काही प्रमाणात भीती यांवर त्याचा उपयोग तपासला जातो.

कुत्र्याच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, त्याच्या लहान मेंदूत आणि मेंदूच्या देठात सीबी-१ ग्राही दाटीनं असतात. तोल सांभाळणारा भाग तोच. त्यामुळे माणसाला किरकोळ वाटणाऱ्या टीएचसीनं कुत्रा उभ्या उभ्या डुलायला लागतो. दोन, तोंडावाटे दिलेलं सीबीडी रक्तात फार थोडं पोहोचतं. १९८८मध्ये सहा कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात तिघांच्या रक्तात ते सापडलंच नाही, उरलेल्यांत १३ ते १९ टक्के पोहोचलं. बाकीचं यकृत पहिल्याच फेरीत निकालात काढतं. तेलात विरघळवून, जेवणातल्या स्निग्धाबरोबर दिलं तर शोषण सुधारतं. आणि रक्तातलं प्रमाण साधारण चार तासांत निम्मं होतं, म्हणून डोस दिवसातून दोनदा.

गुण किती, तेही सांगतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८च्या चाचणीत सांधेदुखीच्या १६ कुत्र्यांना वर सांगितलेला डोस चार आठवडे दिला, तेव्हा वेदना कमी झाल्या आणि हालचाल वाढली. २०२१च्या दुसऱ्या चाचणीत किलोमागे २.५ मिग्रॅ देऊनही नुसत्या तेलापेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. दोन्ही चाचण्या लहान होत्या. आमचं मत असं, की मेलोक्सिकॅमसारखं सूज-वेदनेवरचं औषध ज्या कुत्र्याला पुरत नाही किंवा चालत नाही, तिथं डॉक्टरांच्या देखरेखीत सीबीडी जोडीला वापरून पाहण्यासारखं आहे. पहिलं औषध म्हणून नाही. आणि जनावरांसाठी म्हणून सीबीडीच्या एकाही औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आजवर मंजुरी दिलेली नाही, हेही लक्षात ठेवा. २०१८मध्ये तिथं मंजूर झालेलं सीबीडीचं औषध माणसांतल्या काही अपस्मारांसाठी आहे.

प्रश्न : डॉक्टरांनी सीबीडी सुरू करायला हरकत नाही म्हटलं. बाटलीवर '३० मिली, १५०० मिग्रॅ' आहे. कुत्रा १२ किलोचा. किती थेंब द्यायचे? — होटगी रोड, बाळे आणि बार्शीहून आलेली पत्रं

उत्तर : थेंब मोजू नका. तेलाचा थेंब ड्रॉपरच्या तोंडावर ठरतो; एका ड्रॉपरचे २० थेंब एक मिली होतात, दुसऱ्याचे ३०. औषधाच्या दुकानातून १ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून फेकून द्या आणि रेघा मोजा. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका, तिच्यावर 'युनिट' असतात आणि गोंधळ होतो.

आता गणित. १५०० भागिले ३०, म्हणजे एका मिलीत ५० मिग्रॅ. मात्र आधी खात्री करा, की ते १५०० मिग्रॅ सीबीडीचे आहेत. 'हेम्प एक्स्ट्रॅक्ट १५०० मिग्रॅ' असं लिहिलेलं असेल तर त्यात सीबीडी किती ते कळतच नाही. कधी निम्मं असतं, कधी नाममात्र.

सुरुवात किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमनं. १२ किलोला ६ मिग्रॅ, म्हणजे ०.१२ मिली, सकाळ-संध्याकाळ. आठवडाभर पोट आणि झोप पाहा. ठीक असेल तर पुढचा आठवडा १२ मिग्रॅ, म्हणजे ०.२४ मिली. त्यानंतर गरज वाटली तरच २४ मिग्रॅ, म्हणजे अर्ध्या मिलीला किंचित कमी. त्या डोसवर चार आठवडे थांबा आणि मगच गुण आला की नाही ते ठरवा. आधीच एक वही करा : किती पायऱ्या चढला, उठायला किती वेळ लागला, फिरायला किती मिनिटं चालला. चालताना दहा-पंधरा सेकंदांचा मोबाइल व्हिडिओ, दर रविवारी, त्याच गल्लीत. नुसत्या 'बरा वाटतोय'वर विसंबू नका. पैसे खर्च केले की मालकाला गुण दिसायला लागतो. म्हणून तर चाचण्यांत नुसतं तेलही देऊन बघतात.

खर्चाचाही अंदाज घ्या. पूर्ण डोसवर १२ किलोच्या कुत्र्याला ही बाटली महिनाभर पुरते. वरच्या ३४ किलोच्या लॅब्रॅडॉरला अकरा दिवस. '३० मिली, ३०० मिग्रॅ' अशी स्वस्त बाटली घेतलीत तर १२ किलोच्या कुत्र्यालाही ती सहा दिवसांत संपेल, आणि पोटात औषधाऐवजी तेलच जास्त जाईल.

द्यायचं कसं? जेवणात मिसळून. जिभेखाली धरायची सूचना माणसांसाठी असते. कुत्रा लगेच गिळतो. उकडलेल्या अंड्याच्या बलकावर टाका, भाकरीच्या तुकड्याला लावा. शेंगाच्या चटणीत मात्र लपवू नका. तिच्यात लसूण असतो, तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी मोडतो, आणि वर तिखट-मीठ.

काय बिघडू शकतं : पातळ शौच, बहुधा औषधापेक्षा ते ज्या तेलात मिसळलेलं असतं त्यामुळे, विशेषतः खोबऱ्यापासूनच्या एमसीटी तेलानं. डोस निम्मा केला की थांबतं. पेंग येणं. कधी उलटी, लाळ. आणि बाहेरून न दिसणारी गोष्ट म्हणजे रक्तातलं एएलपी हे यकृताचं विकर वाढणं. बऱ्याच चाचण्यांत ते वाढलेलं दिसलं. म्हणून सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी, चार आठवड्यांनी एकदा, मग तीन महिन्यांनी. यकृताचा आजार असलेली, गाभण, पाजणारी कुत्री आणि पिल्लं यांना देऊ नका. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सीबीडी चालू आहे हे आधी सांगा.

विकत घेताना त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि अहवालातला क्रमांक एकच हवा. त्यात मिलीमागे सीबीडी, मिलीमागे टीएचसी, शिसं, कॅडमियम, अर्सेनिक, पारा, कीटकनाशकं आणि अर्क काढताना वापरलेल्या द्रावकांचे अंश हे आकडे असायला हवेत. हेम्पचं झाड जमिनीतले जड धातू भराभर ओढून घेतं, म्हणून धातूंचा रकाना नसलेला अहवाल अर्धवट समजा. दुकानदार अहवालाऐवजी 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणाला तर बाटली परत ठेवा.

प्रश्न : वडील झोपेसाठी वैद्यांनी दिलेले 'विजया'चे थेंब घेतात. लेबलवर एका मिलीत सीबीडी २५ मिग्रॅ, टीएचसी २५ मिग्रॅ आहे. आमच्या ५ किलोच्या पॉमला त्यातलेच थोडे चालतील का? तोही रात्री झोपत नाही. — वाचक, सात रस्ता

उत्तर : एक थेंबही नाही. विजया म्हणजे भांग. आयुर्वेदिक औषधांत ती परवान्यानं वापरता येते, पण औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई(१)मध्ये, तिचं नाव आहे आणि म्हणूनच बाटलीवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. हे औषध तुमच्या वडिलांसाठी, त्यांच्या वजनाला आणि वयाला दिलेलं आहे.

तुमच्या पॉमला किलोमागे २ मिग्रॅ सीबीडी द्यायचं म्हणून ०.४ मिली दिलंत, तर त्याच्या पोटात १० मिग्रॅ टीएचसी जाईल. नवख्या माणसाला सुरुवातीला २.५ मिग्रॅ देतात. ६० किलोचा माणूस धरला तर वजनाच्या हिशोबानं पॉमला त्याच्या जवळपास पन्नासपट.

सीबीडीच्या बाटल्यांवर तीन नावं दिसतात. 'आयसोलेट' म्हणजे निव्वळ सीबीडी. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसी काढून टाकलेला अर्क. 'फुल स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसीसकट सगळं. कुत्र्यासाठी पहिले दोनच बघा, आणि अहवालात टीएचसीपुढे 'आढळलं नाही' असं असेल तरच. माणसांसाठीच्या सीबीडी गोळ्या-चॉकलेटांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ), कोको किंवा मनुका असतात. हे घटक कुत्र्याला सीबीडीपेक्षा जास्त धोकादायक.

पॉम रात्री का झोपत नाही, हा खरा प्रश्न. दिसेनासं होणं, खोकला, हृदय मोठं होणं, दातदुखी, म्हातारपणचा विसरभोळेपणा, काहीही असू शकतं. रात्री खोकत असेल तर आधी छातीची तपासणी करा.

प्रश्न : महाशिवरात्रीला घरी भांगेची थंडाई होती. कुत्रीनं भांडं चाटलं. तासाभरानं ती डुलायला लागली, उभ्या उभ्या लघवी झाली. शेजारणीनं लिंबूपाणी पाजायला सांगितलं. पुन्हा असं झालं तर करायचं काय ओ? — गृहिणी, मंगळवार पेठ

उत्तर : तोल जाणं, लघवी ठिबकणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, हात जवळ नेला की दचकणं, अंग गार पडणं, नाडी मंद होणं. हीच टीएचसीची विषबाधा. अर्ध्या ते दीड तासात सुरू होते, बहुतेक वेळा दिवसभरात उतरते, जास्त गेलं असेल तर दोन-तीन दिवस राहते. योग्य देखरेख मिळाली तर सहसा जीव जात नाही, पण उलटी श्वासनलिकेत गेली तर जाऊ शकतो. म्हणूनच पेंगलेल्या कुत्र्याच्या तोंडात लिंबूपाणी, चिंचेचं पाणी, ताक, तूप, मिठाचं पाणी काहीही ओतायचं नाही. मिठाचं पाणी तर स्वतःच विष ठरतं.

चाटून अर्ध्या तासाच्या आत आणि कुत्री पूर्ण शुद्धीत असेल तरच डॉक्टर दवाखान्यात उलटी करवतात. लक्षणं दिसायला लागल्यावर तो मार्ग बंद. मग सलाईन, उलटीवर औषध, ऊब आणि लक्ष, एवढाच उपचार. नेताना कुशीवर झोपवा, तोंड थोडं खाली, अंगावर चादर. पायऱ्या, गच्ची आणि पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा.

आणि डॉक्टरांना खरं सांगा. भांग म्हणायला लोक लाजतात आणि मग गोचीड तापाच्या, विषारी औषधाच्या, मेंदूच्या आजाराच्या तपासण्यांत दोन तास जातात. थंडाईत बदाम, साखर याबरोबर मनुका वाटल्या असतील तर तेही सांगा. मनुकांनी मूत्रपिंड बंद पडू शकतं, त्याचा उपचार वेगळा.

प्रश्न : आमच्या ४ वर्षांच्या गावठी कुत्र्याचा आज पुढचा पाय, दोन दिवसांनी मागचा, असं लंगडणं चालू आहे. मधून ताप. मित्र म्हणतो सीबीडी दे. — अक्कलकोट रोड

उत्तर : पाय बदलत लंगडणारा, ताप असलेला तरुण कुत्रा आपल्या भागात गोचीड तापाचा समजून आधी रक्त तपासायचं. प्लेटलेट कमी आल्या आणि निदान पक्कं झालं तर डॉक्टर साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. ते मधेच सोडायचं नाही. सीबीडीनं वेदना थोडी झाकली जाईल आणि आजार आत वाढत राहील. घरात उरलेली माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीसुद्धा देऊ नका. पोटातून रक्तस्राव होतो.

प्रश्न : कुत्र्याला फिट येतात. गार्डिनल चालू आहे, तरी महिन्यातून दोन-तीनदा येतेच. सीबीडीनं गार्डिनल सुटेल का? — वाचक, पंढरपूर

उत्तर : सुटणार नाही, आणि स्वतःहून सोडलंत तर जीवाशी येईल. गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन. ते अचानक बंद केलं की एकामागून एक झटके येतात.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या २०१९च्या चाचणीत, चालू औषधं तशीच ठेवून, किलोमागे २.५ मिग्रॅ सीबीडी दिवसातून दोनदा १२ आठवडे दिलं. मधल्या आकड्यानं (मध्यकानं) झटके ३३ टक्के कमी झाले. ही बातमी सगळीकडे फिरली. पण ज्यांचे झटके निम्म्याहून कमी झाले अशा कुत्र्यांची टक्केवारी सीबीडी आणि नुसतं तेल या दोन्ही गटांत सारखीच निघाली, हे कुणी छापलं नाही. जोडीचं औषध म्हणून त्याकडे पाहा, त्यापेक्षा जास्त नाही.

आधी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. रक्तातली गार्डिनलची पातळी तपासून घ्या. डोस कमी पडत असेल तर उत्तर तिथंच मिळेल. रोजची वेळ पाळा, बारा तासांचं अंतर. तरी भागत नसेल तर डॉक्टर पोटॅशियम ब्रोमाइड किंवा लेव्हेटिरासेटाम जोडतात. त्यानंतर सीबीडीचा विचार. गार्डिनल आणि सीबीडी दोन्ही यकृतातून निकाली निघतात आणि दोन्हींनी एएलपी वाढतं, म्हणून रक्ततपासणी महिन्याची.

झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, किंवा दिवसात दोन आले, तर वाट न पाहता दवाखाना. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा हुंगवू नका. वेळ मोजा आणि जमल्यास व्हिडिओ घ्या. मज्जासंस्थेची पुढची तपासणी लागली तर शिरवळ, उदगीर किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम आणि मिरवणुकीतले डॉल्बी. आमची कुत्री पलंगाखाली थरथरत बसते. त्या दिवशी सीबीडी दिलं तर? — होम मैदानाजवळचे रहिवासी

उत्तर : फटाक्यांवर सीबीडीचा पुरावा कच्चा आहे. २०२०च्या एका चाचणीत फटाक्यांचा आवाज ऐकवून पाहिलं. दिवसाला किलोमागे १.४ मिग्रॅ सीबीडीनं भीती कमी झाली नाही, ट्रॅझोडोन या भीती कमी करणाऱ्या औषधानं झाली. २०२३मध्ये किलोमागे ४ मिग्रॅ एकदाच, दोन तास आधी देऊन, गाडीचा प्रवास आणि एकटं राहणं यांतल्या ताणाची काही लक्षणं कमी झालेली दिसली. पण गाडीचा प्रवास वेगळा आणि डोक्यावर फुटणारा गोळा वेगळा.

म्हणून डिसेंबरातच डॉक्टरांना भेटा आणि ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनबद्दल विचारा. जे ठरेल ते एखाद्या शांत दिवशी एकदा देऊन पाहा, म्हणजे किती पेंग येते ते कळेल. जानेवारीत दारूकामाच्या संध्याकाळी गोळी आवाज सुरू होण्याआधी दीड-दोन तास द्यायची. थरथर सुरू झाल्यावर दिलेली गोळी निम्मी वाया जाते. फिरवणं चारच्या आत उरका. आतली खोली, खिडकीला जाड सोलापुरी चादर, पंखा किंवा कूलर मोठ्यानं चालू, टीव्ही चालू. पलंगाखाली बसली तर बसू द्या, ओढून काढू नका. जवळ घेतल्यानं भीती 'लाडावते' हा समज चुकीचा आहे. जवळ आली तर थोपटा. गळपट्ट्यावर फोन नंबर लिहा, कारण घाबरून पळालेली कुत्री मैदानाच्या गर्दीत सापडत नाही.

प्रश्न : खाज. सगळं करून झालं. सीबीडी? — वाचक, शेळगी

उत्तर : 'सगळं' यात गोचीड-पिसवांची गोळी दर महिन्याला, कातडी खरवडून खरजेची तपासणी आणि आठ आठवडे एकाच प्रकारचं जेवण हे तिन्ही आलं असेल तर पुढे बोलू. २०२२च्या चाचणीत सीबीडीनं खाज कमी झाली, पण कातडीवरचे चट्टे तसेच राहिले. वरून लावायचे सीबीडी मलम कुत्रा चाटून टाकतो.

प्रश्न : कृषी सेवा केंद्रात तागाचं बी मिळतं. हेम्प म्हणजे तेच का? वाटून दिलं तर? — शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : नाही. ताग हे हिरवळीच्या खताचं वेगळंच झाड, अंबाडीही वेगळी. दोन्हींत सीबीडी नसतं. तागाच्या बियांतली द्रव्यं यकृताला घातक आहेत. कुत्र्याला नको आणि कोंबड्यांनाही नको.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तिथून कुत्र्यांसाठीचं चांगलं सीबीडी तेल आणू का म्हणतोय. — वाचक, विजापूर रोड

उत्तर : नको म्हणा. तिथं २०१८च्या शेती कायद्यानं ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेलं हेम्प मोकळं केलं. आपल्याकडच्या १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात अशी टक्क्याची सूट नाही; फुलोरा आणि चीक त्यात येतात, पानं आणि बी वेगळं काढलेलं आहे. अमेरिकेतलं तेल बहुधा फुलोऱ्याचंच असतं. विमानतळावर कस्टम्सला ते पटवत बसायची वेळ मुलावर आणू नका. भारतात परवान्यानं बनलेलं, पानांच्या अर्काचं, टीएचसी काढून टाकलेलं आणि बॅचचा अहवाल असलेलं तेल डॉक्टरांमार्फत मागवा.

प्रश्न : मे महिन्यात घरात चाळीसच्या वर तापमान असतं. तेल टिकतं का? — अनेक पत्रं

उत्तर : उष्णता, उजेड आणि हवा या तिन्हींनी सीबीडी उतरत जातं, आणि तेल खवट होतं ते वेगळंच. गडद काचेची बाटली, झाकण घट्ट, फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात. दार उघडझाक होऊन तापतं. थंडीनं तेल घट्ट झालं तर बाटली पाच मिनिटं तळहातात धरा, गरम पाण्यात बुडवू नका. काढण्याआधी हलवा, नाहीतर वरच्या आणि तळाच्या डोसात फरक पडतो. ड्रॉपर कुत्र्याच्या तोंडाला लावू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेली बाटली आणि रंग गडद, वास जुन्या शेंगदाण्यासारखा झालेली बाटली फेकून द्या. उघडल्याची तारीख पेननं लेबलवर लिहा, आणि उघडल्यावर किती महिने चालतं हे कंपनीनं छापलेलं असतं तेवढंच वापरा.